शाळा दाखवणारी मुलगी

माझं काम म्हणजे दुसऱ्यांच्या कामाला गुण देणं. आमच्या कंपनीला माल पुरवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांत जायचं, दोन तास फिरायचं, कागद तपासायचे आणि एका तक्त्यात पाचपैकी आकडे भरायचे. शेवटी बेरीज करून कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं ते सांगायचं. बरीच वर्षं हेच करते आहे आणि माझा हात त्यात बसलेला आहे. त्यामुळे मुलीसाठी सेकंडरी शाळा निवडायची वेळ आली तेव्हा मी काय केलं असेल, हे वेगळं सांगायला नको. तक्ता केला. नऊ रकाने, प्रत्येकाला पाचपैकी गुण, आणि शेवटी शेरा.

इथे परदेशात पद्धत अशी आहे. मूल प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाला आलं की सप्टेंबर-ऑक्टोबरात भागातल्या सेकंडरी शाळा एकेक संध्याकाळ आईबापांसाठी दारं उघडतात. हॉलमध्ये हेडटीचरचं भाषण होतं आणि मग त्याच शाळेतली मुलं गाईड बनून पाहुण्यांना वर्गावर्गांतून फिरवतात. ऑक्टोबर संपायच्या आत कौन्सिलच्या वेबसाइटवर पसंतीच्या क्रमाने शाळा भरायच्या, मार्चमध्ये निकालाची ईमेल येते. सगळ्या शाळा सरकारी, सगळ्या फुकट, पण स्टॅनमोर या उपनगरातल्या आमच्यासारख्या घरांत त्या दोन महिन्यांत वरणाला फोडणी देतानाही शाळांचीच चर्चा असते. कोणी ट्यूशन लावतं, कोणी घर बदलून शाळेच्या जवळ जातं. माझ्याकडे तक्ता होता, म्हणून मी स्वतःला त्या सगळ्यांपेक्षा शहाणी समजत होते.

आता माझी मुलगी. ती सावकाश आहे. वाचताना अजूनही ओळीखाली बोट फिरवते. काही विचारलं की आधी खिडकीबाहेर बघते. उत्तर येतं ते बहुतेक वेळा बरोबर असतं, पण तोवर विचारणारा पुढच्या मुलाकडे गेलेला असतो. मराठीत बोलते, स्त्रीलिंग-पुल्लिंगाची खिचडी करून का होईना, पण बोलते. तिच्या प्राथमिक शाळेतल्या टीचरने मला बोलावून सांगितलं होतं की हिला वेळ देणारी शाळा शोधा. मी मान डोलावली, आणि गाडी घरापाशी लावेपर्यंत त्या वाक्याचा अर्थ माझ्यापुरता बदलून टाकला. हिला हात धुऊन मागे लागणारी शाळा हवी, असं मी नवऱ्याला येऊन सांगितलं.

हा अर्थ मी कुठून आणला ते मला ठाऊक आहे. आम्ही बौद्ध. आम्हाला माणूस म्हणून उभं केलं ते शिक्षणाने, हे घरात रोज या ना त्या निमित्ताने ऐकत मी वाढले. 'बाबा' हा शब्दसुद्धा आमच्याकडे भिंतीवरच्या तसबिरीसाठी राखलेला, म्हणून वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा मराठवाड्यातल्या एका खेड्यात शिकले. शाळेत त्यांना आणि आमच्या वस्तीतल्या बाकीच्या मुलांना सगळ्यांच्या मागे, दारापाशी, घरून आणलेल्या गोणपाटावर बसवत. तिथून शिकून ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाले आणि निवृत्त होईपर्यंत खेड्यापाड्यांतच शिकवत राहिले. अशा माणसाची मी मुलगी. खालचं, उरलंसुरलं, दुसऱ्या नंबरचं आमच्या वाट्याला पिढ्यान्पिढ्या पुष्कळ आलं; आता घ्यायचं ते सर्वांत वरचंच, ही जिद्द माझ्या अंगातच मुरलेली होती. ती कोणासाठी, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

त्या वर्षी दादा सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले होते. नवऱ्याच्या हॉस्पिटलच्या ड्यूट्यांचा काही नेम नसतो, म्हणून शाळा बघायला आम्ही तिघंच जायचो: मी, मुलगी आणि कानटोपी घातलेले दादा. खरं सांगायचं तर मला ते बरोबर नको होते. मी तिथे लॅब बघायला, निकाल विचारायला जायची, आणि दादा प्रत्येक शाळेत एकच गोष्ट करायचे. वर्गात शिरले की सरळ शेवटच्या रांगेत जायचे, लहान मुलांच्या त्या खुर्चीत कोटासकट बसायचे आणि फळ्याकडे बघत राहायचे. मागून येणारे आईबाप वळसा घालून जायचे आणि मी ओशाळून कोणाकडे तरी बघून हसायची.

बऱ्याच शाळा झाल्या, पण शेवटी उरल्या दोन. एक टेकडीवरची. तिथे जायला दोन बस, पण तिचं नाव काढलं की आमच्या मराठी बायका आवाज खाली आणून बोलायच्या. दुसरी जवळची, दुकानांच्या रांगेमागे, घरापासून चालत सात मिनिटांवर.

टेकडीवरच्या शाळेत आम्हाला गाईड मिळाला तो कोटावर तीन बॅज लावलेला उंच मुलगा. त्याने आल्या आल्या दादांशी हात मिळवला, लॅबमधला प्रयोग समजावून सांगितला, माझ्या प्रश्नांना आकड्यांसकट उत्तरं दिली. गणिताच्या वर्गात दादा नेहमीसारखे मागे जाऊन बसले आणि आपल्या मास्तरी इंग्रजीत त्यांनी त्याला विचारलं, तू कुठे बसतोस? मुलगा म्हणाला, ते सेटवर अवलंबून आहे, मी सेट वनमध्ये आहे. इथे गणिताला, सायन्सला मुलांची हुशारीप्रमाणे वेगवेगळ्या वर्गांत वाटणी करतात, त्यांना सेट म्हणतात. एक वरचा, पाच खालचा. दादांनी विचारलं, मग सेट फाइव्हचा वर्ग कुठे आहे? मुलगा अदबीने हसला. तो मागच्या ब्लॉकमध्ये आहे सर, आजची टूर तिकडे जात नाही.

मी दादांची बाही ओढली आणि आम्ही म्युझिक रूमकडे निघालो. उतरंडीचा वास आम्हा लोकांना लांबून येतो म्हणतात. त्या संध्याकाळी माझं नाक बंद होतं. घरी येऊन मी तक्त्यात लिहिलं: गाईड, पाचपैकी पाच.

पुढच्या आठवड्यात जवळची शाळा. तिथे आमच्या वाट्याला आली बारा वर्षांची एक मुलगी. हातात टूरचा नकाशा काढलेला कागद, तो ती अगदी डोळ्यांजवळ धरून बघायची, मग थांबायची, मग चालायची. पहिल्यांदा तिने आम्हाला खेळाच्या सामानाच्या खोलीत नेलं. दुसऱ्यांदा जिन्याने वर नेऊन परत त्याच जिन्याने खाली आणलं. बाजूने जाणाऱ्या एका टीचरने विचारलं, सगळं ठीक ना? ती म्हणाली, आम्ही हरवलोय, मिस. टीचर म्हणाल्या, मग तुला जे आवडतं ते दाखव त्यांना, आणि निघून गेल्या. मी मनात म्हटलं, छान, म्हणजे इथे कोणाला पडलेलीच नाही.

तिला आवडत होता तो गणिताचा वर्ग. दादा मागे जाऊन बसले तर ही त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. ही माझी सीट, तिने सांगितलं. इथून फळ्याचा कोपरा खांबाआड जातो, पण असं केलं की दिसतो. असं म्हणून ती उजवीकडे झुकली. दादाही झुकले. मग माझी मुलगीही तिसऱ्या खुर्चीत बसून झुकली, आणि ती तिघं बराच वेळ तशीच वाकडी बसून रिकाम्या फळ्याकडे बघत होती. मी दारात उभी राहून घड्याळ बघत होते.

परत येताना दादा म्हणाले, "बाई, पोरीला इथंच घाल."

मी म्हटलं, "दादा, त्या मुलीला स्वतःची शाळा सापडत नव्हती."

"तरी शाळा दाखवायला तिलाच दिली ना त्यांनी," दादा म्हणाले.

मला राग आला. मी त्यांना म्हणाले की इथे कोणी कोणाला गोणपाटावर बसवत नाही, तो काळ गेला, आणि तुमच्या नातीने सर्वांत चांगल्या शाळेत जाऊ नये का? दादा गप्प बसले. त्यांच्यासारख्या माणसाला गप्प बसवायला मला तेवढंच पुरलं, याची आता लाज वाटते. त्या रात्री मी तक्त्यात गाईडला एक गुण दिला आणि इंग्रजीत शेरा लिहिला: गाईड फार स्लो, दोनदा वाट चुकली, यांच्याकडची सर्वांत चांगली हीच असेल तर नको. फॉर्ममध्ये टेकडीवरची पहिली भरली आणि जवळची दुसरी. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तसं.

दादा नोव्हेंबरात परत गेले. मार्चमध्ये ईमेल आली आणि मिळाली ती जवळचीच शाळा, कारण जवळ राहणाऱ्यांना आधी घेतात आणि टेकडीवरच्या शाळेत तेवढ्या अंतरावरून आमचा नंबर लागत नव्हता. मुलगी इतकी खूश झाली की मला कौतुक करावंच लागलं. आमच्याच गल्लीतली तिची मैत्रीण तिथेच जाणार होती. जूनमध्ये तिथल्या गणवेशाचं हिरवं जंपर, म्हणजे स्वेटर, आणलं, वाढत्या अंगाचं म्हणून दोन बोटं मोठं, तर ती ते भर उन्हात घालून बसायची. दोघी मैत्रिणींनी शाळेपर्यंत चालत जाऊन यायची रंगीत तालीमसुद्धा केली. सात नाही, अकरा मिनिटं लागतात, असं तिने मला येऊन सांगितलं.

मी मात्र तिला न सांगता टेकडीवरच्या शाळेच्या वेटिंग लिस्टवर नाव ठेवलं होतं. ऑगस्टमध्ये ऑफिसात फोन आला की एक जागा रिकामी झाली आहे, हवी असल्यास उद्यापर्यंत कळवा. उद्यापर्यंत. म्हणजे मुलीला विचारायला एक अख्खी संध्याकाळ माझ्या हातात होती. मी फोनवरच हो म्हटलं. कोणी दुसऱ्याने ती जागा पटकावली तर, एवढीच भीती मला त्या क्षणी होती.

मुलीला सांगितलं तेव्हा तिने खिडकीबाहेर बघितलं. मी वाट बघितली, एवढं तरी केलं. शेवटी ती "ओके" म्हणाली आणि जंपर घडी घालून माझ्या हातात दिलं. रविवारी दादांचा फोन आला तेव्हा शाळा बदलल्याचं सांगितलं, तर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, तिला विचारलंस का? मी म्हटलं, हो दादा.

सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाली आणि पहिल्याच महिन्यात परीक्षा घेऊन मुलांचे सेट पाडले. माझी मुलगी गणितात सेट फाइव्ह, सायन्समध्येही सेट फाइव्ह. वर्ग मागच्या ब्लॉकमध्ये. मी शाळेत जाऊन भेटले. वागायला माणसं चांगली होती, त्यांना दोष देऊन मी सुटणार नाही. त्यांनी आलेख दाखवले आणि प्रगती झाली तर सेट बदलतात असंही सांगितलं. फक्त टर्ममागून टर्म टीचर बदलत राहिले, कारण सेट फाइव्हला जो मोकळा असेल तो यायचा. पहिलं वर्ष संपलं तेव्हा मुलगी तक्रार करत नव्हती. ती काहीच करत नव्हती. जेवायची, दोन बस बदलून जायची, दोन बस बदलून यायची. प्रश्न विचारला की पूर्वी खिडकीबाहेर बघून मग उत्तर द्यायची, आता आधीच 'माहीत नाही' म्हणून मोकळी व्हायची. तो 'माहीत नाही' कमालीचा चटपटीत येत असे.

दर रविवारी दादा फोनवर विचारायचे, "कुठं बसते पोरगी?" आणि दर रविवारी मी सांगायची, पुढे बसते दादा. माझ्या वडिलांना मी आयुष्यात फार खोटं बोललेली नाही. तिला विचारलं म्हणून सांगितलं ते एक आणि हे दुसरं, पण हे आठवड्याला एकदा.

मग हा सप्टेंबर आला. मुलीचं तिथलं दुसरं वर्ष. शाळेचं पत्र आलं की ओपन ईव्हनिंगला गाईड व्हायला कोणाला आवडेल त्यांनी नावं द्यावीत. तिने दिलं. मला न विचारता, स्वतःहून. वर्षभरात तिने आपणहून केलेली ती पहिली गोष्ट असेल. घरी सराव सुरू झाला. मला दाराबाहेर उभं करायची, हात मिळवायची आणि घर दाखवायची. हा आमचा किचन, इथे फूड टेक होतो, म्हणजे कुकिंग. हा जिना, इथे धावायचं नाही. ही टेबल, इथे आई रागावते. प्रत्येक खोलीत मला शेवटच्या कोपऱ्यात नेऊन उभी करायची. का, असं विचारलं तर म्हणाली, आजोबासारखे लोक पण येतात ना. मी ब्लेझर धुऊन इस्त्री करून ठेवला.

आठवड्याने यादी लागली. ती घरी येऊन बूट काढता काढता म्हणाली, "माझा नाव नाही."

मी म्हटलं, खूप जणांनी दिली असतील गं नावं.

"सगळे सेट वन आणि टू आहेत," ती म्हणाली. "कोणी सांगितला नाही तसं. लिस्ट बघितलं की कळतं."

ओपन ईव्हनिंगच्या दिवशी शाळा दुपारी बारालाच सुटली, कारण सजावट करायची होती. गाईड मुलं थांबली, बाकीची घरी. मी त्या दिवशी घरूनच काम करत होते. ती आली, जेवली, टीव्हीसमोर बसली. संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्या रस्त्यावरून गाड्या टेकडीकडे जाताना दिसायला लागल्या, माझ्यासारख्याच आया, मागच्या सीटवर पोरं. मला राहवेना. मी लॅपटॉप उघडून तो जुना तक्ता काढला. काय शोधत होते कोण जाणे. बहुतेक असं एखादं कारण, जे वाचून वाटेल की तेव्हा दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. टेकडीवरची शाळा, बेरीज एकेचाळीस. जवळची शाळा, बेरीज तीस. आणि बाजूला शेरे.

ती केव्हा मागे येऊन उभी राहिली ते कळलं नाही. तिने शाळेचं नाव वाचलं, मग स्क्रीनवर बोट टेकवलं आणि शेऱ्याची ओळ वाचायला लागली. ती कशी वाचते ते सांगितलंच आहे. एकेक शब्द, त्याखाली बोट. मला लॅपटॉप बंद करायला भरपूर वेळ होता. कारखान्यात कोणी नको तो कागद बघत असेल तर मी झटकन फाइल मिटते, तिथे माझा हात विजेसारखा चालतो. इथे तो उचललाच गेला नाही. "गाईड," तिने वाचलं. "व्हेरी. स्लो." पुढचंही सगळं वाचलं, अगदी शेवटच्या 'नको'पर्यंत.

"ही ती मुलगी ना? खांबवाली?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

"ती नाइस होता," ती म्हणाली. मग तिने खिडकीबाहेर बघितलं, कितीतरी दिवसांनी, आणि तिचं उत्तर तयार व्हायला जो वेळ लागतो तो लागला. "आई, स्लो म्हणजे माझ्यासारखी ना?"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे आम्ही लहानपणी पाटीवर गिरवलेलं. मी तिला जवळ घेतलं, माझं चुकलं म्हटलं, मराठीत म्हटलं, इंग्रजीत म्हटलं. तिने मला थोपटलं आणि परत टीव्हीसमोर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी मी जवळच्या शाळेत फोन केला. वर्ग भरलेले आहेत, नाव लिहून ठेवतो, असं त्यांनी सांगितलं. या वेळी मुलीला आधी विचारलं. ती म्हणाली, आता तिकडे गेले तर मी नवीन, आणि माझी फ्रेंड तर आता दुसऱ्यांबरोबर जाते. तरी ठेव नाव, असं म्हणाली, बहुधा माझ्यासाठी.

रविवारी दादांचा फोन आला. तब्येत, पाऊस, इकडचं तिकडचं झालं आणि मग नेहमीचा प्रश्न. कुठं बसते पोरगी? माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. मी ते गिळलं आणि फोन मुलीच्या हातात दिला.

"लास्ट रो, आजोबा," ती म्हणाली.

फोन स्पीकरवर होता, तिकडून दादांच्या पंख्याचा आवाज येत होता. मग त्यांनी मास्तरांच्या आवाजात, शांतपणे विचारलं, "फळा दिसतो का, बाळा?"

"दिसतो," ती म्हणाली. "असं केला की दिसतो." आणि फोनवर त्यांना काही दिसणार नाही हे विसरून ती सोफ्यावर बसल्या बसल्या उजवीकडे झुकली.